झुंजारदेव महाराजांचं नाव

राजा झुंजारदेवाला कशाचीच ददात नव्हती. पण बालेकिल्ल्याच्या दरवाज्याकडे पाहिलं की त्याला जेवण गोड लागेना!

सोनवळे ही पुरातन नगरी, तिच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर हा बालेकिल्ला. बांधला कुणी? देव जाणे! कारण रीतच अशी, की नवा राजा गादीवर बसला की दरवाज्यावरच्या दगडावरचं जुनं नाव छिलून काढायचं आणि 'हा किल्ला मी बांधला' म्हणून आपलं कोरायचं. छिलून छिलून दगडाचा पापड झाला होता. भुगा नेऊन गावच्या बायका भांडी घासत. गडाचा सगळा इतिहास कढया लख्ख करण्यात खर्ची पडला म्हणा ना!

झुंजारदेवानेही हौसेने तेच केलं होतं. मग एके दिवशी त्याच्या मनात आलं, अरेच्चा, आपल्यामागूनही कुणीतरी येणारच की! त्याने म्हाताऱ्या कोंडाजी पाथरवटाला बोलावलं.

"काय रे, उद्या नवा राजा आला तर माझं नाव पुसशील?"

कोंडाजी भोळा सांब. "हुकूम झाला तर पुसावंच लागेल, सरकार. तुमच्या हुकमाने मागच्यांचं नाही का पुसलं?"

झालं! राजा भडकला. "माझं नाव असं कोर, की पुढच्या कुठल्याही राजाला ते पुसावंसंच वाटता कामा नये! पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर तुझे दोन्ही हात कलम!"

कोंडाजी घरी येऊन आपल्या हातांकडे बघत बसला. भाकरीला शिवेना. याच हातांनी त्याने आपल्या सुनेला, ठकूला, छिन्नी धरायला शिकवलं होतं. तिला रडू कोसळलं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि तडक दरबार गाठला.

"नाव मी कोरते, महाराज. पण जागा माझ्या पसंतीची. आणि काम होईपर्यंत कुणी डोकावायचं नाही!"

"कबूल!"

"त्यापेक्षा नावाखाली शाप कोर ना!" शास्त्रीबुवा मध्येच म्हणाले.

"मागच्यांनीही कोरले होते, बुवा. नावाबरोबर शापही छिलले आम्ही. बघा, कशी धडधाकट आहे!"

शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं.

पौर्णिमेला ढोलताशे लावून राजा निघाला. पुढे ठकू. दरवाजा मागे पडला. दरबार मागे पडला. देऊळही मागे पडलं. राजवाड्याच्या पिछाडीला येऊन ठकू थांबली. समोर महाराजांचा खासा शौचकूप! ठकूने दुरुस्तीच्या नावाखाली टांगलेला पडदा ओढला. चौकटीवर ठसठशीत अक्षरं होती: 'हे बांधकाम झुंजारदेव महाराजांचे.'

ताशे बंद पडले. कोंडाजीने डोळे गच्च मिटले.

"हात नाही, आता डोकंच उडवतो!" राजा ओरडला.

"उडवा, पण आधी सांगा," ठकूचा आवाज खणखणीत होता. "नाव पुसतात ते तिथे आपलं घालायचं असतं म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या सगळे राजे रोज सकाळी इथे आले, पण नाव कोरावंसं एकालाही वाटलं नाही! पुढच्याला तरी कसं वाटेल?"

प्रधानजी खोकल्याचं निमित्त करून पाठमोरे झाले.

"अगं, पण लोक म्हणतील, झुंजारदेवाने एवढंच बांधलं!" राजा कुरकुरला.

"मग खोटं का कोरायचं, महाराज? गेल्या उन्हाळ्यात जुनं पाडून तुम्ही हे नवं बांधून घेतलंत. बाकीचा किल्ला तर आयताच मिळाला ना!"

मग राजाच्या मिश्या थरथरल्या, पोट हललं, आणि तो असा हसत सुटला की प्रधानजींना त्याला धरावं लागलं. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं, कोंडाजीला गडाखालची जमीन इनाम दिली आणि हसतहसतच हुकूम सोडला, "इथे पहारा बसवा रे! नाव पुसायला कुणी येणार नाही, पण वाचायला गाव लोटेल!"