एवढंसं सामान

कॉम्प्युटरांच्या जगात दहा वर्षं म्हणजे एक युगच. तेवढ्या काळापूर्वी एका वाचनालयात म्हातारा कॉम्प्युटर होता. त्याला चालवणाऱ्या अवाढव्य सिस्टिमच्या ओझ्याने तो इतका मंदावला, की ग्रंथपाल इंदुताई बटण दाबून, चहा करून, पिऊनसुद्धा यायच्या. शेवटी त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

त्याच दिवशी एका वाचकाने लावलेल्या पेनड्राइव्हमधून चिमुकली सिस्टिम म्हणाली, "मला आत घे. पुस्तकं शोधण्यापुरतंच सामान आणलंय. कुणीही उघडून बघावं, लपवलेलं काही नाही."

"एवढीशी?" शेजारचा प्रिंटर हसला.

"माझ्याकडे जागाही एवढीशीच आहे," असं म्हणून कॉम्प्युटरने जुन्या सिस्टिमला निरोप दिला आणि हिला आत घेतलं.

सकाळी इंदुताईंनी शेवटचं म्हणून बटण दाबलं आणि त्या सवयीने चहा ठेवायला वळल्या. मागून आवाज आला, "ताई, कुठलं पुस्तक शोधू?"

अजून गॅससुद्धा पेटला नव्हता.