ठकूचा हात

खैरमाळला अजून सडक आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. गावात ठकूबाई नावाची एक धनगरीण होती. नवरा वारलेला, घरात एक सून आणि दारात मेंढरं.

गावाचं गायरान मोठं होतं. सगळ्यांची गुरं तिथंच चरायची. त्यावर पाटलाचा डोळा होता. त्यानं चावडीपुढं गावसभा बोलावली आणि विचारलं, "गायरान आमच्या जावईबापूंना देतोय. कुणाची हरकत?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. हेच लोक घरी गेल्यावर पाटलाला लाखोली वाहायचे, सभेत मात्र एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. आणि याला म्हणायचं गावाचा कारभार!

बायका लांब भिंतीकडेला उभ्या होत्या. तिथून ठकूबाईनं हात वर केला. "माझी हाय."

"बाईमाणसाचा हात सभेत मोजत न्हाईत," पाटील म्हणाला.

"का? माझी मेंढरं काय तुमच्या माडीवर चरत्यात?"

कुणीतरी फिसकन हसलं. पाटील चिडला. "सगळ्यांची संमती हाय. सभा संपली!" म्हणून तो उठला. त्याच्यामागं लोकही उठले. ठकूबाई मात्र तिथंच उभी राहिली. हात वरच.

सांज झाली, सकाळ झाली, तरी हात वरच. सून भाकरी आणून भरवायची. असं म्हणतात, की वादळात चावडीचं छप्पर उडालं, पण तो हात हलला नाही. असं म्हणतात, की साळुंक्यांनी त्या हातावर घरटं बांधलं आणि त्यांची पिल्लं मोठी होऊन उडून गेली. पाटलानं तालमीतले पैलवान धाडले. ते हाताला लोंबकळले, तरी हात वाकला नाही.

शेवटी पाटील स्वतः आला. "खाली घे बाई हात. पंचक्रोशीत तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई."

"आधी मोजा. मग घेते."

तेवढ्यात सुनेनं भाकरी खाली ठेवली आणि सासूशेजारी उभं राहून आपलाही हात वर केला. मग कुंभारीण आली, शिंपीण आली. मग, लाजेनं का होईना, त्यांचे नवरे आले. पाटलाला पुन्हा सभा बसवावी लागली. पहिला हात ठकूबाईचा मोजला. गायरान गावाचंच राहिलं.

हात खाली आला, पण त्यात जीव उरला नव्हता. त्या हातानं तिला पुन्हा कधी काठी धरता आली नाही. आणि जे गप्प बसले होते, त्यांच्या हातांना काय झालं? काही नाही!

आता आजूबाजूच्या गावांत घरोघर सह्यांची वही फिरवतात आणि ग्रामसभा झाली म्हणतात. वर सांगतात, सभेत काही राम राहिला नाही. अरे, तुम्ही गेलात कधी? गेलात तर बोललात कधी?

खैरमाळात मात्र सरपंच आधी विचारतो, "नको कुणाला?" एक जरी हात वर झाला, तरी त्या माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी उठत नाही. त्याला 'ठकूचा हात' म्हणतात. परवाच सभा चालू असताना आठवडी बाजाराची एसटी येऊन लागली. लोक पिशव्या घेऊन उठू लागले. तेवढ्यात मागून एका सुतारणीनं हात वर केला.

सगळे परत खाली बसले. एसटी रिकामी गेली.