पेजेची दोरी

पुष्कळ पुष्कळ पूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी एक धर्मशाळा होती. तिथला कारभारी स्वतः चूल पेटवी, स्वतः रांधी आणि आल्यागेल्याला काय हवं ते विचारून वाढी.

पुढे परमुलखातल्या एका कारागिराने त्याला एक कळसूत्री चौकट बसवून दिली. तिच्या पोटात चाकं, जाती, शेगड्या, आणि बाहेर रंगीत दोऱ्या. वरून धान्य ओतायचं. लाल दोरी ओढली की पुरणपोळीचं ताट बाहेर येई, हिरवी ओढली की वरणभाताचं. कारभारी भलताच खूश झाला. चूल अडगळीत गेली. "चूल फुंकायचे दिवस गेले हो आता!" असं तो मिशीला पीळ देत सगळ्यांना ऐकवी. अशी कितीतरी वर्षं गेली.

एके दुपारी एक बाई आली. कडेवरचं मूल तापाने मलूल झालं होतं.

"दादा, वाटीभर पेज द्या. वैद्य घाटापलीकडे आहेत. उपाशीपोटी लेकरू तिथवर टिकायचं नाही."

कारभाऱ्याने ऐटीत हिरवी दोरी ओढली. वरणभात आला. मुलाने घास थुंकला आणि ते रडू लागलं. लाल ओढली, तर पुरणपोळी! पेजेची दोरी चौकटीला नव्हतीच. पेज म्हणजे काय, मूठभर तांदूळ आणि पाणी. पण चौकटीला हे सांगणार कसं?

त्याने धावत जाऊन चूल बाहेर काढली. लाकडं ठासून भरली. धूरच धूर झाला, जाळ काही होईना. "लाकडं ओली दिसतात," तो पुटपुटला. नाचता येईना, अंगण वाकडे!

इतक्यात मुलाचं रडणं थांबलं. बाई घाबरली.

"दादा, तुम्ही लेकराला धरा. मी करते."

तिने चार लाकडं बाहेर ओढली, वाऱ्याला वाट दिली, फुंकर घातली. जाळ धरला. ते तापलेलं पोर छातीशी धरून कारभारी उभा राहिला. त्याच्या घरी पाहुणी चुलीपुढे बसली होती. हे सगळं कधीकाळी आपल्याला येत होतं, या विचाराने तो शरमेने अर्धमेला झाला.

मूल पेज प्यालं. त्याने डोळे उघडले. बाईने भांडं घासून पालथं घातलं आणि जाताना रीतीप्रमाणे हात जोडले.

"अन्नदाता सुखी भव!"

हा आशीर्वाद त्याने आजवर मान डोलावून घेतला होता. आज मात्र मान वर होईना.

"बाई, मला नका म्हणू हो असं," तो कसाबसा म्हणाला. "मी तुम्हाला काही दिलं नाही."

बाई घाटाला लागली. कारभाऱ्याने त्याच संध्याकाळी चौकटीच्या सगळ्या दोऱ्या सोडवून ठेवल्या आणि तो चुलीपुढे बसला. पहिला भात करपला. "चौकट बरी होती की!" वाटसरू हसले. लोकांसाठी त्याने दुसरा भात टाकला, आणि करपलेला खाली मान घालून स्वतः खाल्ला.

तात्पर्य : आयत्या साधनाने हातांना विसावा द्यावा, पण हातातली विद्या त्याच्या स्वाधीन करू नये.