उतारावरचा छकडा

फार पूर्वी, एका डोंगरवाटेने तुरा नावाचं तरणं तट्टू आयुष्यात पहिल्यांदाच छकडा ओढत निघालं होतं. गिरजा कुंभारणीला बिऱ्हाड खालच्या गावी न्यायचं होतं, म्हणून तिने तो लहानसा छकडा भाड्याने आणला होता. त्यात तिची भांडी होती आणि मडकी घडवायचं दगडी चाक होतं. त्या चाकावरच तिचं पोट होतं.

सपाटीवर तुरा ऐटीत चालला. उतार लागताच छकडा मागून रेटू लागला. घाबरून तुरा पळाला, तसा छकडाही धावला. मडकी खाली पडून फुटली.

“अरे, दमानं!” मागून गिरजा ओरडली.

“माझ्या पाठी का लागलास?” तुरा छकड्यावर खेकसला.

“पाठी नाही लागलो रे,” छकडा म्हणाला. “तू पळतोस म्हणून मी पळतो. मला पाय नाहीत. तू थांबवशील तेव्हाच मला थांबता येईल.”

हे तुऱ्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याने अंग मागे टाकलं आणि पाय रोवत तो सावकाश उतरू लागला. भार तेवढाच होता, पण आता त्याची भीती वाटत नव्हती.

मडक्यांचं दगडी चाक पायथ्याशी धड पोचलं. गिरजेने तुऱ्याला सोडलं. मोकळा झाला तरी कितीतरी वेळ तो, छकडा अजून मागेच असल्यासारखा, मागे वळून पाहत, हळूहळूच चालत राहिला.