न धुतलेलं शेवाळ

"आणखी किती धुऊ, बाई?"

उर्वीने शेवाळाचं घमेलं फरशीवर आदळलं.

कालिंदीबाई खिडकीशी बसल्या होत्या. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी किनाऱ्यावरच्या या खोलीत भट्टी मांडली होती. येत्या रविवारी त्या मुलाकडे नागपूरला चालल्या होत्या, कायमच्या. मागे खोली, भट्टी, सगळं त्यांच्या या विद्यार्थिनीवर, उर्वीवर.

लाटांनी टाकलेलं, किनाऱ्यावर कुजणारं शेवाळ उर्वी गोळा करायची. लख्ख धुवायची. हवा न लागू देता भट्टीत भाजायची. त्या कोळशापासून नाण्याएवढा सेल बनवून त्यात वीज साठवायची. पण त्यावर दिवा लावला, की लागतो न लागतो तोच विझायचा.

"काय धुऊन काढतेस?"

"मीठ. घाण."

"समुद्रच काढून टाकतेस की गं."

"कोडी नकोत, बाई! चूक कुठे होतेय ते तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी तुम्ही जाल. मी इथे एकटी कोळसा चिवडत बसू?"

बाई उठल्या.

दारामागच्या पोत्यातून मूठभर न धुतलेलं शेवाळ घेतलं आणि भट्टीच्या वाटीत घातलं.

उर्वीने नाकाला ओढणी लावली. "असलं?"

"असलंच."

दुसऱ्या दिवशी भट्टी निवली. बाईंनी कोळसा तिच्या हातावर ठेवला. "हा धू."

तिने धुतला. आधी पातळ आम्लात, मग पाण्यात. मीठ निघून गेलं. कोळशात जिथे जिथे ते बसलं होतं, तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या उरल्या; वीज साठायला तेवढी जागा झाली.

नव्या सेलवर तिने दिवा लावला. विझेल म्हणून बघत राहिली. बाहेर पाणी किनाऱ्यापासून पार मागे हटलं, तरी दिवा जळतच होता.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, न धुता भाज म्हणून. तू म्हणालीस, म्हाताऱ्यांना सगळं आहे तसंच हवं असतं."

उर्वीची मान खाली गेली. मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"तुम्ही गेल्यावर मी भांडू कुणाशी?"

बाईंनी तिच्या गालावरची काजळी पदराने पुसली.

"येईल एखादी, तुझ्यासारखीच. तीही ऐकणार नाही. तरी तिला जाऊ देऊ नकोस."