करंजखोलचा बोळवणीचा कातळ

करंजखोलच्या खिंडीत वाटेला लागूनच एक काळा कातळ आहे. मधोमध खोलगट, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढाच. पाहुणे हमखास विचारतात, आणि गावातले म्हातारे सदूनाना धुमाळ काठी टेकवून सांगू लागतात. इतर गावांत बोळवण म्हणजे जाणाऱ्याला वेशीपर्यंत पोचवून लुगडे, खण, नारळ हाती देणे. करंजखोलात मात्र बोळवण म्हणजे बोलणे.

फार मागे, असे सांगतात, इथे भिवा नावाची सुईण होती. निम्मे गाव तिच्या हातांवर जन्मले. हात थरथरू लागले तेव्हा तिने घाटाखाली लेकीकडे जायचे ठरवले. नेमका तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. चूल एक वेळ पेटायची मारामार, तिथे लुगडे कुठून आणणार? रिकाम्या हातांनी समोर कसे जावे, या लाजेने गावाने दारे लावून घेतली. भिवाला ते काय ठाऊक? एकेका बंद दारापुढे ती थबकली आणि शेवटी खिंडीत येऊन या कातळावर बसली. चाळीस वर्षे राहूनही आपण इथे कुणाच्याच नव्हतो, असे वाटून तिचा पाय पुढे उचलेना.

तेवढ्यात राणू लोहार आला. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर पुष्कळ, असा माणूस.

"माय, हात रिकामंच हायती," तो म्हणाला. "आमची धोंडी पायाळू आली, तवा तू दोन दिस उंबरा सोडला न्हाईस. पोरगी रडली, अन् भिंतीकडं तोंड करून तूबी रडलीस. म्या बघितलं व्हतं."

राणू बोलला हे गावात कळले, तसे एकेक दार उघडले आणि माणसे खिंडीत आली. ज्याला जे आठवले ते तो बोलला. "मला लई शिव्या घातल्यास, माय," एवढेच एक बाई म्हणाली, आणि सगळे डोळे पुसत हसले. उन्हे कलली तेव्हा भिवा उठली. बसल्या जागी कातळ खचला होता म्हणे. ऐकलेल्याचा भार दगडालाही सोसला नाही.

आजही गाव सोडणारा तिथे बसतो. भेटवस्तू नाही, हार नाही. नुसते बोलायचे, तेही खरे. आता बसणारे वाढले आणि बोलणारे आठ-दहाच उरले, हे सांगताना नानांचा आवाज खाली येतो.

"नाना, तुम्ही बसलात कधी?" पाहुणे विचारतात.

"ऐकायची हौस लई हाय," नाना हसतात. "पन त्यासाठी गाव सोडावं लागंल की."