शिळासप्तमीला बोललेली चूल

एक होती राणी. केतकावती तिचं नाव. राजाही होता बरं का, पण तो लांब मुलखात गड राखायला गेलेला. तेव्हा आपली गोष्ट राणीची. राणी मोठी देवभोळी. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी. एक उपवास सुटला की दुसरा लागलाच. तिला एकच लेक, बकुळा.

एकदा काय झालं, बकुळा दोन वर्षांची असताना तिला ताप भरला. कपाळावर ओली पट्टी ठेवावी, तर पापडासारखी वाळून निघायची. वैद्य झाले, काढे झाले. नवव्या दिवशी राणी देवघरात गेली, पदर पसरला आणि नवस बोलली, "शीतळाई माते, माझ्या लेकीला थंडावा दे. ती नऊ वर्षांची झाली की शिळासप्तमीला शिळ्या भाताचा घास तुझ्यापुढे ठेवीन. माझ्या घरचा, माझ्या हातचा."

शिळासप्तमी म्हणजे काय, ठाऊक आहे ना? श्रावणातला दिवस. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. चुलीला सारवायचं, हळदकुंकू वाहायचं, म्हणायचं, "बाई, वर्षभर जळलीस, आज नीज." मग सगळ्यांनी कालचं गार अन्न गोड मानून जेवायचं.

तर नवस बोलला आणि ताप उतरला. वैद्यबुवा जाताना सांगून गेले, "राणीसरकार, चाळीस दिवस लेकीला ताजं, गरम द्या हो." झालं! राणीने ते मनाला लावून घेतलं. चाळीस दिवस झाले. मग पन्नास झाले. तिचा जीवच धजेना. शिळ्यानेच ताप आला असेल तर? मग तिने हुकूम काढला. दिवेलागणीला घंटा वाजेल. घंटा वाजली की घरात एक शीतसुद्धा राहता कामा नये. उरलेलं सगळं बाहेर!

आणि जेवताना ताजं कमी पडू नये, म्हणून दहा माणसांच्या पंगतीला चाळिसांचा स्वयंपाक. उरायचं किती, आणि जायचं किती! राणीने कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, लेक बरी आहे ना, मग झालं.

अशी सात वर्षं गेली. बकुळा नऊ वर्षांची झाली. श्रावण आला. शिळासप्तमीच्या आदल्या दिवशी राणीने स्वतः चुलीपाशी बसून एका लहानशा पितळी पातेल्यात भात शिजवला. भातात लिंबाचं एक पान घालायची तिची सवय, माहेराहून आलेली. पान घातलं, झाकण ठेवलं, झाकणाला कुंकवाचा ठिपका लावला आणि पातेलं कोपऱ्यात ठेवलं. निवांत मनाने झोपली.

सकाळी न्हाऊन, ओलेत्याने स्वयंपाकघरात आली. बघते तर काय? कोपरा रिकामा!

राणीने हाक मारली, "गोदाक्का! इथलं पातेलं कुठे?"

गोदाक्का म्हणजे स्वयंपाकघराची कारभारीण. ती शांतपणे म्हणाली, "ते होय? काल घंटा वाजली, तसं गेलं की टोपलीतून."

"अहो, तो नवसाचा भात होता!"

"सरकार, घंटा तुमची, हुकूम तुमचा. त्यात नवसाचं सोडून असं कुठे म्हटलं होतं?"

एवढा मोठा राजवाडा, चाळीस पातेली, कोठारात पोत्यांवर पोती. आणि देवीपुढे ठेवायला कालचा एक घास नाही!

तेवढ्यात दासी धावत आली. "राणीसरकार, चला लवकर. बकुळाताईंचं अंग फणफणलंय!"

अगं बाई! सूर्य डोक्यावर यायच्या आत नैवेद्य दाखवायला हवा. राणीने देवघरातल्या दिव्यावर काटकी पेटवली आणि धावत चुलीपाशी आली. मनात म्हणाली, घटकाभरात भात शिजवते, वाऱ्यावर गार करते. देवी घेईल समजून.

काटकी चुलीत जाणार, इतक्यात चूल ओरडली, "अगं अगं अगं! काय करतेस?"

राणीच्या हातातली काटकी खाली पडली. चूल बोलते?

"बघतेस काय?" चूल म्हणाली. "सात वर्षं तोंडात लाकडं कोंबलेली, बोलणार कशी? आज एक दिवस तोंड मोकळं मिळालंय, तर तेही जाळायला निघालीस! आणि ऐक. गार केलेलं म्हणजे शिळं नव्हे. रात्र काढतं ते शिळं."

राणीने हात जोडले. "चूलबाई, माझी लेक तापली आहे हो. माझा भात कुठे गेला, तेवढं सांगा."

"माझ्या डोक्यावरून भांडं उतरलं की माझं काम संपलं. पण एक सांगते. सात वर्षं जळते आहे मी. पाव जळते तुमच्या पोटांसाठी आणि पाऊण त्या मागच्या खड्ड्यासाठी."

"कुठला खड्डा?"

"घरची मालकीण तू, आणि मला विचारतेस?" असं म्हणून चूल गप्प झाली.

मग राणीने विचार केला, आपल्या घरचा नाही तर नाही, दुसऱ्या घरून मूठभर भात मागून आणावा. देवी मायाळू आहे. ती तशीच अनवाणी निघाली, थेट नगरशेठाच्या घरी. दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, पण कौलांमधून धूर येत होता. शिळासप्तमीला धूर? राणीने कडी वाजवली. शेठाणीने दार उघडलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मूठभर शिळा भात द्या हो," राणी म्हणाली.

"शिळा? आमच्या घरी?" शेठाणी घाबरली होती, तरी मान ताठ करून म्हणाली, "राणीसरकार, आम्ही का इतके हलके? तुमच्या वाड्यात शिळं राहत नाही, तर आमच्या घरात का राहील? आम्हीसुद्धा घंटा बांधली आहे म्हटलं, चांदीची!"

"मग आज पोरंबाळं काय जेवणार?"

शेठाणीची मान खाली गेली. "तेच तर. सकाळपासून रडत होती. म्हणून दार लावून... थोडीशीच पेटवली."

आतून चूल खोकत होती, खॉ, खॉ, खॉ. बिचारीचं तोंड भरलेलं, ती काय बोलणार? राणी रस्त्यावर आली आणि तिने वर पाहिलं. या घरावर धूर. त्या घरावर धूर. साऱ्या पेठेत धूर! ज्या नगरात शिळासप्तमीला घरोघरी चुली निजायच्या, तिथे एक चूल निजलेली नव्हती. आणि हे सगळं शिकवलं कुणी? राणीने तोंडावर पदर धरला.

वेळ वाचावा म्हणून ती मागच्या बोळातून परत निघाली. या बोळात ती जन्मात आली नव्हती. चार पावलं गेली आणि असा वास आला म्हणता, की घेरीच यावी. पुढे झाली आणि जागच्या जागी खिळली.

तो खड्डा!

खड्डा कसला, तळंच ते. वर फुगलेल्या पुऱ्या भिजून लगदा झालेल्या. अख्खेच्या अख्खे लाडू. भाताचे ढीग, त्याखाली काळे पडलेले आधीचे ढीग, त्याखाली आणखी आधीचे. वर माश्यांचा ढग. कडेला कुत्री पडलेली, खाऊन खाऊन इतकी सुस्तावलेली की राणीवर भुंकायलाही उठेनात. नुसतं एक डोळा उघडून बघत होती. सात वर्षं दोन्ही वेळा "वदनी कवळ" म्हणून हात जोडणारी राणी, तिने जेवढं देवाला वाहिलं नव्हतं तेवढं या खड्ड्याला वाहिलं होतं. राणी मटकन चिखलात बसली. रडायलासुद्धा येईना तिला.

किती वेळ बसली असेल? सूर्य चढत होता. तेवढ्यात तिच्या पायावरून मुंग्या गेल्या. एकीच्या तोंडात भाताचं शीत, दुसरीच्या तोंडात शीत. राणीने पाहिलं, तर टोपलीतून सांडत गेल्यासारखी शितांची एक ओळ होती. ती ओळ खड्ड्यापर्यंत आली होती खरी, पण खड्ड्यात उतरली नव्हती! कडेवरून वळून डावीकडे गेली होती. राणी उठली आणि मुंग्यांच्या मागे मागे चालू लागली.

ओळ थांबली एका झोपडीच्या दारात. आत एक म्हातारी बसलेली, जवळ तिची नात. म्हातारीचं नाव धुरपदा. राजवाड्यातली भांडी घासायची, टोपली बाहेर टाकायची, हे तिचं काम. राणीने तिला सात वर्षांत पाहिलं नव्हतं. धुरपदेने मात्र राणीला ओळखलं आणि तिने हात जोडले.

"चुकलं, राणीसरकार! टाकायचं होतं, पण हात होत नाही हो. उष्टं असतं ते गुरांना घालते. पण पातेल्यात तळाशी चांगलं, कुणी न शिवलेलं राहतं, त्यातलं उचलेल तेवढं आणते, बाकी खड्ड्यात जातं. या आळीत सात घरं आहेत. सात घरची पोरं त्यावर जगतात. मला काय करायचं ते करा, पोरांना काही म्हणू नका."

ते ऐकून राणीच्या डोळ्यांना धार लागली. नातीचं नाव चंदी. तिला राणीबिणी काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "आजी, ही बाई रडते आहे. तिला भूक लागली असेल." आणि तिने आपली अर्धी शिळी भाकरी राणीच्या हातावर ठेवली.

राणीने भाकरी पदरात बांधली आणि म्हणाली, "मावशी, काल एक लहान पातेलं..."

"ते कुंकवाचं? ते देवाचं असणार म्हणून मी वेगळं ठेवलं. आंबू नये म्हणून वाटीभर दूध आणि बोटभर विरजण घातलं. आज परत आणणार होते, पण भीतीने पाय उचलेना." तिने शिंक्यावरून पातेलं काढलं. राणीने झाकण उचललं. पांढराशुभ्र दहीभात, आणि मधोमध लिंबाचं पान.

तिचाच भात. तिच्या घरचा, तिच्या हातचा. तिच्याच हुकमाने टाकलेला.

झोपडीतली चूल गालातल्या गालात हसली. म्हणाली, "काय गं राणी, आपलाच भात शोधायला इतकं हिंडावं लागलं?"

मग राणीने पातेलं डोक्यावर घेतलं. धुरपदा बरोबर, चंदी मागे. चिखल तुडवत, पळत पळत वाड्यात आल्या. सूर्य डोक्यावर यायला थोडाच अवकाश होता, तेवढ्यात राणीने नैवेद्य दाखवला. "माते, तुझ्यासाठी शोधायला गेले आणि काय काय बघून आले! चुकले मी." मग प्रसादाचा एक घास तिने बकुळाच्या तोंडात घातला.

एक घास. बकुळाने डोळे उघडले. दुसरा घास. कपाळावर घाम फुटला. तिसरा घास, आणि अंग गार झालं, सायीसारखं. बकुळा बोटं चाटत म्हणाली, "आई, आणखी!"

राणीने डोळे पुसले, पदराची गाठ सोडली आणि सगळ्यांसमोर चंदीची अर्धी भाकरी खाल्ली. गोदाक्काने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! राणीसरकार शिळं खातायत!" राणी म्हणाली, "बसा गोदाक्का. तुम्हीपण घ्या."

त्या दिवसापासून घंटा उतरली. दहा माणसांना दहांचाच स्वयंपाक होऊ लागला. तरी काही उरलं तर झाकून ठेवायचं, सकाळी पोळ्यांचा कुस्करा, भाताला फोडणी. राणी पहिला घास स्वतः घ्यायची. आणि धुरपदेच्या आळीत आता टोपली लपून जात नव्हती. उरलेलं नव्हे, ताजं शिजवून, झाकून, राजवाड्याच्या पुढच्या दारातून जात होतं. खड्डा बुजवला, त्यावर राणीने आपल्या हाताने लिंबाचं झाड लावलं. राणीने केलं, मग शेठाणीने केलं, मग साऱ्या पेठेने केलं.

पुढच्या वर्षी शिळासप्तमी आली. एकाही घरावर धूर नाही. सगळीकडे दहीभात, पुरणपोळ्या, आळूची वडी, सगळं कालचं, सगळं गोड. राणी हळूच स्वयंपाकघरात गेली, चुलीपाशी वाकली. म्हणाली, "चूलबाई, आज तोंड मोकळं आहे. बोला की काहीतरी."

चूल काहीच बोलली नाही. दमलेली, सात वर्षांची जागी ती. गाढ झोपली होती.

तसं साऱ्या नगराचं भलं झालं. तुम्हीही एवढं करा हं बाळांनो. उद्या ताटात वाढून घेण्याआधी पोटाला विचारा, किती हवं? पानात टाकू नका. आणि आईने रात्रीची पोळी सकाळी फोडणीला घातली, तर नाक मुरडू नका. पहिला घास तुम्ही मागा. कराल ना? करालच. मिटा आता डोळे. आपली चूलही निजली आहे.